पूर आला, पूर आले

टीटर्स गॅप, याकिमा खोरं
९ मार्च १९८०

प्रिय निओमा,

आपली घळ मला फुकट मिळाली, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. तू घरची, म्हणून खरा हिशेब तुला सांगतो. एकोणपन्नास साली कालवा फुटला आणि शेतातून सहा दिवस पाणी धावलं, त्यात नाशपातीच्या ओळीच्या ओळी गेल्या. शेजाऱ्याची गाय गेली. ती मेल्यावर एकाएकी फार दुधाळ झाली, म्हणून तिच्या बदल्यात आपल्या दोन द्याव्या लागल्या. तुझ्या आईचं कोंबड्यांचं खुराडं गेलं. आणि पुढची दोन वर्षं तिचं माझ्याशी धड बोलणं गेलं, कारण 'उठून कालव्याचं दार बघून या' असं तिने पहाटे सांगितलं होतं आणि मी कूस बदलली होती. एवढं सगळं दिलं तेव्हा कुठे घराएवढी खोल घळ पदरात पडली. फुकट कसली!

पण आता वसूल होतेय. दर रविवारी चर्चच्या मंडळीच्या बस येतात. मी घळीत उतरायच्या पायऱ्यांवर उभा राहतो, भिंतीतले थर दाखवतो आणि म्हणतो, "सहा दिवस! माझ्या डोळ्यांदेखत! आणि शिकलेले लोक म्हणतात, असल्या कामाला लाखो वर्षं लागतात." गेल्या रविवारी एका बाईने विचारलं, "ब्रदर टीग, ते डायनोसॉर तारवात मावले कसे हो?" मी म्हटलं, "बाई, नोहा शहाणा होता. त्याने अंडी घेतली असणार." बस हसून हसून डुलायला लागली. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हातारा विहिरी खणतो तसंच बोलतो, पाणी लागेपर्यंत थांबत नाही." माझे कान अजून शाबूत आहेत.

आता कामाचं. जूनमध्ये मंडळीची तंबूसभा आहे, तंबूतली मोठी प्रार्थनासभा. आपले पाळक ब्रदर स्टॅनफिल्ड यांची इच्छा आहे की तू दहा मिनिटं बोलावंस. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझी मुलगी सिएटलला विद्यापीठात बसून जलप्रलयाचाच अभ्यास करतेय. दोन पुरावे सांग, खाली बस. आईला केवढं बरं वाटेल.

फार दिवस उरलेले नाहीत, पोरी. बातम्या ऐकतेस ना? प्रभू परत यायचा तो दिवस आला की तुझे प्रोफेसर 'डोंगरांनो, आमच्यावर पडा' म्हणत लपायला भोक शोधतील. मी मात्र टोपी घालून फाटकात उभा असेन. म्हणेन, या प्रभू, उशीरच केलात जरा.

तुझा,
डॅडी


सिएटल
३० मार्च १९८०

प्रिय डॅडी,

गाईचं वाचून मी मोठ्याने हसले. ग्रंथालयात होते, सगळे बघायला लागले.

पण तंबूत मी बोलू शकणार नाही. 'वेळ नाही' असं लिहिणार होते. ते खरं नाही, म्हणून खोडलं.

घळ सहा दिवसांत कापली गेली, हे मला मान्य आहे. पण ज्या थरांतून ती कापली गेली, ते सहा दिवसांत साचलेले नाहीत. सप्टेंबरात मी तिथे दोरी बांधून लोंबकळत होते, आठवतं? तुम्ही वरून विचारत होतात, "नोहाचं काही सापडलं का गं, निदान एखादं बटण?" सापडलं ते सांगते.

बर्फाच्या काळात हिमनदी इडाहोत उतरली आणि तिने नदीचं तोंड बंद केलं. मागे मोंटानात समुद्राएवढं तळं साचलं. पाणी चढलं तसा बर्फाचा बांध उचलला गेला, फुटला, आणि सगळं तळं आपल्या अंगावर आलं. आपल्या खोऱ्यात ते पाणी उलटं चढलं, थबकलं, गाळ टाकून ओसरलं. तो एक थर. मग बर्फ पुन्हा पुढे सरकला, तळं पुन्हा भरलं, पुन्हा फुटलं. आपल्या भिंतीत असे तीसच्या वर थर आहेत. प्रत्येक थर म्हणजे एक पूर, आणि दोन पुरांच्या मध्ये वर्षंच्या वर्षं.

वर्षं कशावरून? थरांच्या माथ्यावर उंदरांची बिळं आहेत. पाण्याखाली कोणी बीळ करत नाही. एका बिळात मला चिमुकली हाडंही मिळाली. आणि एका थरावर राखेच्या दोन बारीक पांढऱ्या रेघा आहेत, सेंट हेलेन्स ज्वालामुखी डोंगराच्या, तेरा हजार वर्षांपूर्वीच्या. राख पाण्यात पडली असती तर ती गाळात मिसळून गेली असती. ती सपाट आहे, स्वच्छ आहे, कोरड्या जमिनीवर हलकेच पडलेली. पूर येऊन गेला होता, जमीन वाळली होती, उंदीर राहायला आले होते, राख पडली, आणि मग पुन्हा पूर आला.

हाच डोंगर या आठवड्यात पुन्हा धुमसायला लागलाय. ऐकलं असेलच.

रागावू नका. ममाला हे सगळं सांगायलाच हवं असं नाही.

तुमची,
निओमा


टीटर्स गॅप
१३ एप्रिल १९८०

प्रिय निओमा,

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. 'सांगायलाच हवं असं नाही' हे वाक्यसुद्धा. आपल्या घरात पत्र मोठ्यानेच वाचतात, विसरलीस वाटतं.

मी रागावलेलो नाही. चिमटा काढतो फक्त. तुमच्याच लोकांनी त्या एका बिचाऱ्या भूगर्भशास्त्रज्ञाला चाळीस वर्षं वेड्यात काढलं होतं ना? तो सांगत होता, इथे मोठा पूर आला होता. हे म्हणत होते, छे, ते तर बायबलसारखं वाटतं! शेवटी नाक घासून कबूल केलं, आला होता. आता एक कबूल केला तर लगेच तीस करून टाकले. म्हणजे नोहाचा एक होऊ नये एवढ्यासाठी!

आमचं साधं आहे. पूर एकच. त्यानंतर समुद्र कोमट, हवा गार, म्हणून बर्फ पडला. काही शतकं राहिला, वितळला, संपलं. तुझं ते हिमयुग म्हणजे त्या पुराचं शेपूट. तू लिहितेस 'पूर आले'. मी म्हणतो 'पूर आला'. फरक एका अक्षराचा, पण ते अक्षर मी देणार नाही. कारण एकदा आला, तर देवाने नोहाला दिलेल्या 'पुन्हा आणणार नाही' या वचनाला अर्थ आहे. तीसदा आला, तर ते वचन कोणी कुणाला दिलं?

डोंगराचं म्हणशील तर तो शिंकतोय. सर्दी झाली असेल.

खाली आई लिहितेय. मला बघू देत नाही.

डॅडी

*निओमा बाळ, डॅडी पायऱ्यांवर 'सहा दिवस, सहा दिवस' करतात, तेव्हा मीही त्यांना म्हणते, पाव कापायला एक मिनिट लागतं म्हणून तो एका मिनिटात भाजला असं होत नाही. त्यामुळे पूर किती ते तुम्ही दोघं ठरवा. मला दुसरंच विचारायचं आहे.*

*बिळातली ती हाडं. तो उंदीर कधी मेला? आपण शिकलोय की आदामाने पाप केलं, मग मरण आलं. मरण बाहेरून आलेलं आहे, म्हणून ते एक दिवस घालवता येणार आहे. पण आदामाला सहा हजार वर्षं झाली, आणि उंदीर त्याच्याही आधी मरत असतील, तर मरण पहिल्यापासून घरातच होतं. मग ते कोण घालवणार, आणि कशाला?*

*तुझ्या भावाला, रॉयसला, कालव्यातून काढलं तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तुला नसेल आठवत. माझी बावीस वर्षं एका गोष्टीवर गेली आहेत, की मेलेले उठतील त्या सकाळी देवदूत त्याला उचलून माझ्या हातात देईल, सात वर्षांचाच. मी तुला घाबरवत नाही. तू शिकलीस, खोटं बोलणार नाहीस, म्हणून तुलाच विचारते. मिळेल का गं तो मला?*

*उत्तर लिही. घाई नाही. शनिवारच्या शब्बाथाच्या आधी मिळालं तर बरं.*

*ममा*


सिएटल
४ मे १९८०

प्रिय ममा आणि डॅडी,

उशीर झाला, परीक्षेचे पेपर तपासायचे होते. इथे पाऊस आहे, छत्री कोणीतरी नेली. डॅडी, शिंकणाऱ्या डोंगराची एक बाजू आता रोज थोडी फुगतेय. आमच्याकडे सगळे दुर्बिणी घेऊन पळतायत. मला इथेच थांबवलंय, चाळण्या धुवायला.

ममा, तू विचारलंस ते मी वाचलं. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. जूनमध्ये येईन, तंबूसभेसाठी नाही, तुझ्यासाठी. तेव्हा आपण दोघी बसून बोलू. तोवर तू त्या उंदराचा विचार करू नकोस, बरं? एका लहानशा हाडाचा एवढा अर्थ लावायचा नसतो.

छातीला जप. शेकोटीच्या धुराजवळ बसू नकोस.

तुमची,
निओमा


टीटर्स गॅप
२३ मे १९८०, शुक्रवार

प्रिय निओमा,

सूर्य मावळला की शब्बाथ लागेल, त्याच्या आत हे टाकायचंय, म्हणून थोडक्यात. फोन लागत नाहीत, लागले तर आवाज येत नाही. आम्ही ठीक आहोत.

तुझा डोंगर शिंकला तो आमच्याच तोंडावर. रविवारी सकाळी पश्चिमेकडून काळी भिंत आली, आणि बसने लोक यायच्या वेळेला मिट्ट रात्र. आवाज काही नाही. नुसती राख, पिठासारखी. आता गाव म्हणजे पिठाची गिरणी झालीय. छपरांवरून फावड्याने ओढतोय. ट्रकची हवेची गाळणी रोज दोनदा झटकतो. ब्रदर स्टॅनफिल्ड तोंडाला पत्नीचा स्वयंपाकाचा एप्रन बांधून फिरतात. मी विचारलं, "काय हो, आज जेवायला काय?" तर म्हणाले, "राखेचा लोफ, राखेची ग्रेव्ही."

आईला थोडा खोकला आहे. रविवारी जरा बाहेर होती, तेवढंच. ओक्लाहोमाच्या धुळीच्या वादळांत लहानपणी छाती गेलेली, तुला माहीतच आहे. डॉक्टर येऊन गेला. तू धावपळ करू नकोस, घाटातले रस्ते बंद आहेत.

बस आता काही दिवस येणार नाहीत.

डॅडी


सिएटल
२९ मे १९८०

प्रिय डॅडी,

तुम्हाला कल्पना नाही तुम्ही केवढे भाग्यवान आहात! मी ज्या दोन रेघांसाठी वर्षभर दोरीला लोंबकळले, तसली रेघ तुमच्या अंगणात, तुमच्या देखत पडली. आमच्या इथे राख आलीच नाही, वारा उलटा होता. सगळे हळहळतायत.

एक काम कराल? घळीच्या वरच्या सपाट जागेवर, जिथे कोणी चाललेलं नाही, तिथली राख सुरीने कापून जाडी मोजा आणि ममाच्या लोणच्याच्या बरणीत भरून ठेवा. पावसाच्या आधी. आणि बघा ना, डॅडी, कोरड्या जमिनीवर पडलेली राख कशी दिसते! अगदी तशीच सपाट दिसते की नाही? आता तरी मला एक अक्षर द्याल?

ममाचा खोकला कसा आहे? ती बाहेर कशाला गेली होती, कपडे काढायला? तिला सांगा, इतकी सुंदर गोष्ट आयुष्यात एकदाच बघायला मिळते. मी असते तर मीही बाहेर पळाले असते.

रस्ते उघडले की निघते.

निओमा


सिएटल
६ जुलै १९८०

प्रिय डॅडी,

इथे परत येऊन तीन आठवडे झाले. रोज लिहायला बसते आणि उठते.

तुमची तार मिळाली तेव्हा मला वाटलं, खोकल्याने कोणी इतकं आजारी पडतं? मला तिचे शेवटचे दोनच दिवस मिळाले. वाटेत, पूर्ण घाटभर, मी एकच वाक्य पाठ करत होते. ममा, मिळेल. रॉयस तुला मिळेल. मला ते खरं वाटतं की नाही, हे मी स्वतःला विचारायचं सोडून दिलं होतं. तिने विचारलं की 'हो' म्हणायचं, डोळ्यांत बघून म्हणायचं, एवढंच ठरवून आले होते.

तिने नाकावरची ऑक्सिजनची नळी बाजूला केली आणि विचारलं, "जेवलीस का?" दुसऱ्या दिवशी विचारलं, "सिएटलला पाऊस आहे का?" आणखी काहीच नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले होते, की आता विचारेल. ती माझ्याकडे बघून हसली. पाहुण्यांकडे बघून हसतात तसं.

दफनानंतर मंडळीच्या जेवणात सिस्टर प्रुइट माझ्या ताटात बटाट्याचं सॅलड वाढता वाढता म्हणाली, "तुझी आई किती धीराची गं! त्या अंधारात एकटी दफनभूमीपर्यंत चालत गेली." मी म्हटलं, "कुठे?" तिने तुमच्याकडे पाहिलं आणि मग सॅलडकडे. तुम्ही उठून खुर्च्या आवरायला लागलात.

मी तेव्हा विचारलं नाही, कारण घरात माणसं होती. आता विचारते. ती तिथे का गेली होती? तिने मला ते का विचारलं नाही? आणि तुम्ही कुठे होतात?

बरणीचं मी लिहिलं होतं. ते पत्र घरात असेल तर जाळून टाका.

निओमा


टीटर्स गॅप
२० जुलै १९८०

प्रिय निओमा,

तुला लिहायला मी विनोद शोधत होतो. सापडला नाही, म्हणून पंधरा दिवस गेले.

आधी आईचं सांगतो. रविवारी सकाळी मी घळीवर होतो. पायऱ्यांचा दोर सैल झाला होता आणि बस यायची होती. आई घरी एकटी. खिडकीतून तिने काय पाहिलं ते मला नंतर तिनेच थोडं थोडं सांगितलं. सकाळ होती आणि सूर्य काळा झाला. पक्षी गप्प झाले. ढगात विजा, पण गडगडाट नाही. अंगणातला दिवा आपोआप लागला. तू लहानपणापासून तेच ऐकलंस जे तिने ऐकलं: सूर्य अंधकारमय होईल, आणि मग. तिला वाटलं, आता 'मग' आलं.

ती घाबरली नाही. तिने तुझ्या पदवीच्या समारंभाला घातला होता तो निळा पोशाख चढवला. केस विंचरले. ट्रंकेतून रॉयसचा विणलेला स्वेटर काढला, कारण सकाळच्या गारव्यात पोर उठेल आणि त्याच्या अंगावर काय असणार? आणि ती निघाली, राखेतून, तोंडाला काही न बांधता. देवाच्या दिवशी तोंड कशाला बांधायचं?

मी घरी आलो तेव्हा दार सताड उघडं. सगळ्या खोल्या पाहिल्या. ट्रंक उघडी दिसली तेव्हा कळलं कुठे शोधायचं. ट्रकचे दिवे लावून गेलो, तरी पुढचं कुंपण दिसत नव्हतं. ती त्याच्या दगडाजवळ गवतावर बसली होती. मांडीवर स्वेटर, डोक्यावर, खांद्यांवर राख. खोकत होती आणि हसत होती. मी म्हटलं, "व्हेल्डा, अगं इथे काय करतेस?"

"हळू बोला," ती म्हणाली. "आता सुरू होईल. बरं झालं तुम्ही आलात. आता फक्त निओमा यायची राहिली."

निओमा, तिथे मी गप्प बसायला हवं होतं. तिच्या शेजारी बसून तिचा हात धरायला हवा होता. तीस वर्षं मी लोकांना नको तेवढं बोलत आलो, तिथेही बोललो. म्हटलं, "वेडे, ही राख आहे. डोंगर फुटलाय. ऊठ."

ती म्हणाली, "राख?"

म्हटलं, "राख."

तिने मांडीवरून चिमूटभर उचलली, बोटांत चोळली, पिठाची प्रत बघतात तशी. मग जमिनीकडे बघितलं. सगळीकडे सपाट, पांढरी. खूप वेळ बघितलं. आणि म्हणाली, "मग निओमाचंच बरोबर होतं."

स्वेटर झटकला, घडी केली आणि उठली. त्यानंतर तिने रॉयसचं नाव काढलं नाही. माझ्यापाशीही नाही, ब्रदर स्टॅनफिल्ड प्रार्थनेला आले तेव्हाही नाही. ते म्हणाले, "सिस्टर, त्या सकाळी तो भेटेल." ती म्हणाली, "तुम्हाला काहीतरी गरम देऊ का?" तुला का विचारलं नाही, त्याचं उत्तर हे आहे. तिला ते मिळालेलं होतं. आणि तुझ्या पत्रातून नाही, माझ्या तोंडून. त्यामुळे तू तुझं ते वाक्य घेऊन स्वतःला खात बसू नकोस. तू घाटातून ते घेऊन आलीस, एवढं मला पुरे आहे. तिच्यासाठी उशीर झाला होता.

मी अजून मानतो की पूर एकच आला. मला मानावंच लागतं, पोरी. नाहीतर ती दोघं नुसती मातीत आहेत. पण घळ बंद केलीय. पायऱ्यांना साखळी लावली. बसवाले विचारतात, मी म्हणतो, दोर कुजलाय. तू तुझ्या कामासाठी केव्हाही ये, किल्ली नेहमीच्या जागी आहे. बरणी मी भरली नव्हती. पत्र जाळलं नाही, कारण त्यात तू 'ममाचा खोकला कसा आहे' विचारलं आहेस.

आता तुझा तिसरा प्रश्न. मी कुठे होतो. घळीपासून घर ट्रकने पाच मिनिटांवर आहे आणि अंधार पडल्यावर मी तासाभराने पोचलो, हे तू एव्हाना मोजलं असशील. मलाही तेच वाटलं होतं जे तिला वाटलं. तोच दिवस आला असं. ती चालत गेली. मी ट्रकखाली शिरलो, डोक्यावर हात घेऊन. वर ट्रकचा रेडिओ चालू होता. त्यावर डोंगर फुटल्याचं सांगितलं, तेव्हा मी बाहेर आलो.

डॅडी